धाकट्याच्या स्क्रीनवरची मोठी अक्षरं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पेणला कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात, दोन भावांचं टायपिंगचं दुकान होतं. थोरला गिऱ्हाईक बघायचा, धाकटा मशीनवर लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करायचा. धाकट्याला उजव्या डोळ्याने दिसत नव्हतं. लहानपणी थोरल्यानेच बॅट मारली होती, हे धाकट्याने मला चहा पिताना अगदी सहज सांगितलं.

दुसऱ्या डोळ्यावर ताण नको म्हणून त्याने स्क्रीन आपल्यापुरती लावून घेतली होती. अक्षरं मोठी, माउसचा बाण जाडा, पत्रिकांचे शॉर्टकट डावीकडे एकाखाली एक. पण गिऱ्हाइकांच्या फ्लॉप्यांतून व्हायरस यायचा, सगळं पुसून विंडोज नव्याने टाकावं लागायचं आणि ही मांडणी जायची. मग धाकटा स्क्रीनला नाक लावून चाचपडायचा आणि थोरला मागून डोक्यात मारायचा. हाताने, पट्टीने. एकदा माझ्यासमोर टेलिफोनच्या रिसिव्हरने. कानातून रक्त आलं. समोर नवरीचा बाप उभा होता, तो खाली बघत राहिला.

"दादा, दिसत नाय रे," एवढंच धाकटा म्हणाला.

घरी येऊन मी एक फ्लॉपी तयार केली. इन्स्टॉल होताना विंडोज जे विचारतं त्याची उत्तरं एका फाईलीत लिहिली. शेवटी त्याची अक्षरं, बाण, शॉर्टकट, मराठी कीबोर्ड आपोआप बसतील अशा कमांड जोडल्या. मशीनपुढे कुणी बसायलाच नको.

पुढच्या खेपेला फ्लॉपी घातली आणि आम्ही दोघं बाजूला बसलो. थोरला बाहेरून आला.

"बसून काय राह्यलायस?"

"आपोआप होतंय, दादा. हात लावायचा नाय."

"मग तुला कशाला पोसू?"

त्याने धाकट्याचे केस धरून कपाळ टेबलावर आपटलं. मी त्याचा हात धरला, तर त्याने बाजूला पडलेला जुना कीबोर्ड माझ्या तोंडावर मारला. पुढचा दात तुटला. मी भिंतीला टेकलो तोवर त्याने भावाचा गळा आवळला होता. धाकट्याचा हात टेबलावर फिरत फिरत कागद दाबायच्या लोखंडी वजनाला लागला. त्याने ते थोरल्याच्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. थोरला खाली पडला तरी धाकटा बरगड्यांत लाथा घालत राहिला.

"परत लावशील हात? लावशील?"

मी त्याला मागून मिठी मारून ओढलं. तोवर स्क्रीन लागली होती. मोठी अक्षरं, डावीकडे शॉर्टकट. बघायला कुणी नव्हतं.

रिक्षात धाकट्यानेच भावाला धरून ठेवलं. रोह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं?

"जिन्यावरून पडलो," थोरला म्हणाला.

डॉक्टरांनी धाकट्याचं कपाळ बघितलं, माझं तोंड बघितलं. "तिघंही?"



धाकटा माझ्याबरोबर पेणला आला आणि माझ्याकडेच टायपिंग करू लागला. काही महिन्यांनी थोरला दारात उभा राहिला. खांदा एका बाजूला उतरला होता.

"घरी चल."

"नाय."

"दुकान बंद हाय रे."

"असू दे."

थोरल्याचा चांगला हात वर उठला. धाकटा खुर्चीवरून उभा राहिला. थोरल्याने हात खाली घेतला आणि स्टँडकडे निघून गेला.

धाकटा परत कामाला बसला, पण चार ओळींच्या अर्जात एकही शब्द धड उमटेना. शेवटी मी गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं.