बागेतली फक्कीची रेघ

सोमवारी सकाळी बागेत फिरायला गेलो, तर कडुनिंबापासून मागच्या भिंतीपर्यंत पांढऱ्या फक्कीची सरळ रेघ मारलेली. पलीकडची अर्धी बाग महापालिकेच्या कचरागाड्या उभ्या करायला जाणार, असं बागेचे माळी सदूभाऊ म्हणाले. फाटकावर नोटीस नव्हती, कुंपण नव्हतं. नुसती रेघ.

तरी आम्ही रोजचे फिरणारे रेघेपाशी पोचलो की वळायचो. वळा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. घसरगुंडी पलीकडे गेलेली, म्हणून आया मुलांचे दंड घट्ट धरून अलीकडे उभ्या राहायच्या. चिडचिड सगळ्यांचीच होत होती, माझीही. पण त्या चिमूटभर फक्कीवर पाय द्यायची हिंमत कुणाला होत नव्हती.

शुक्रवारी आमच्यातल्याच सत्तरीच्या नलूताई पूर्वीसारख्या सरळ चालत गेल्या. रेघ फिसकटली.

"ताई, पुसू नका हो," सदूभाऊ कळवळून म्हणाले, "साहेब मलाच परत मारायला लावतील."

"मग मारा की," त्या मागे न बघता म्हणाल्या. "मी रोज पुसेन."

सदूभाऊंनी वाकून फिसकटलेली फक्की हाताने सारखी केली.

शनिवारी ते झाडांना पाणी घालत होते. पाइप नेमका रेघेवर सोडलेला, फक्की विरघळून मातीत चाललेली आणि त्यांची नजर भलतीकडेच. माझ्या दुसऱ्या फेरीपर्यंत रेघेचा मागमूसही उरला नव्हता.

मी मात्र चालत आलो आणि बरोबर तिथेच वळलो.