काकूंची नऊ गाणी

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. अजूनही नाही. बारा वर्षं हार्डवेअर सपोर्टची नोकरी करतोय... बंद पडलेल्या वस्तूमागे सैल वायर, जळका पार्ट, नाहीतर माणसाचा आळस, एवढंच बघत आलोय. म्हणून हे लिहावं की नको, यातच दीड वर्ष गेलं.

विकास माझा शाळेपासूनचा मित्र. घाटकोपरला तो आणि त्याची आई, दोघंच राहतात. काकू भीमगीतं गायच्या — जयंतीला, विहारात, कोणाच्या बारशालाही. मग त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. विकासने कधीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केलेली त्यांची गाणी फक्त एका पेन ड्राइव्हवर उरली होती. मोबाइल चोरीला गेला होता आणि आता पेन ड्राइव्ह उघडेना.

"रविवारी ये ना यार. एकदा बघ," विकास म्हणाला.

आठवडाभर साकीनाक्याच्या ऑफिसात लोकांचे प्रिंटर उघडून जीव विटला होता. तरी कांदिवलीहून गेलो, भर दुपारी.

त्यांच्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मीच टाकलं होतं. पेन ड्राइव्ह पुढच्या पोर्टला लावला — काही नाही. मागच्या पोर्टला लावला — सिस्टीमच्या लॉगमध्ये, म्हणजे काय लागलं-निघालं याची मशीन ठेवते त्या नोंदवहीत, नुसत्या एरर. डिस्कच्या यादीत त्याचं नावच येईना. एक्स्टेन्शन केबल लावून बघितली, काढली, मशीन दोनदा रीस्टार्ट केलं. दोन तास गेले. शेवटी पेन ड्राइव्ह एवढा तापला की मी काढून घेतला. लॉगमध्ये डिसकनेक्टची ओळ आली, ती मी डोळ्यांनी पाहिली.

काकू शेजारच्या कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी डावा हात पुढे केला. मी पेन ड्राइव्ह त्यांच्या तळहातावर ठेवला.

"सॉरी काकू... नाही होत."

त्यांनी मूठ मिटली. मी तोंड धुवायला गेलो.

परत आलो तर स्क्रीनवर ड्राइव्हचा आयकॉन! नाव 'आई'. विकास चहाचे कप घेऊन टेबलापाशी उभा. मला वाटलं, ह्याने पुन्हा लावून बघितला आणि लागला. विचारत बसायला वेळ कुठे होता?

"टेबलाला हात लावू नकोस," म्हटलं आणि कॉपी सुरू केली. नऊ फाइल्स. पट्टी मुंगीसारखी सरकत होती. मध्येच अडकली... पुन्हा चालली. नववी फाइल उतरली तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

"आता हळूच काढ."

"काय काढू?"

"पेन ड्राइव्ह रे. तूच लावलास ना?"

"मी? मी किचनमध्ये होतो. मला वाटलं तू लावलास."

पुढचे पोर्ट रिकामे. सीपीयू ओढून मागचे बघितले, तिथे फक्त कीबोर्ड आणि माउस. स्क्रीनवरचा आयकॉन तेवढ्यात गेला होता.

विकासने काकूंची बोटं एकेक करून उघडली. पेन ड्राइव्ह मुठीतच होता.

लॉग मी तीनदा वाचला. शेवटची ओळ डिसकनेक्टचीच. त्यानंतर काहीही लागल्याची नोंद नाही. पण फाइल्स होम फोल्डरमध्ये होत्या, आजही आहेत. आधीच कॉपी केलेल्या असतील म्हणून विकासला खोदून खोदून विचारलं. नव्हत्या. मेमरीत राहिल्या म्हणावं, तर ड्राइव्ह एकदाही उघडला नव्हता. नंतर साकीनाक्यात डेटा काढून देणाऱ्या ओळखीच्या माणसाला तो दाखवला. त्याने कव्हर काढलं आणि हसला. "चिपला आरपार तडा गेलाय. ह्यातून काय वाचणार तू?"

त्या दुपारी मात्र विकासने पहिलं गाणं लावलं. काकू ऐकत होत्या, डावा हात कॉटच्या कडेवर ताल देत होता. विकास किचनमध्ये निघून गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मी हळूच विचारलं, "काकू, काय झालं होतं हो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि आवाज थोडा वाढव अशी खूण केली. मी वाढवला. याहून जास्त मला आजही काही माहीत नाही.