रक्तातला दोष

रुचिता ठाकुर्लीच्या एका पाळणाघरात कामाला होती. पोरांची शेंबडी नाकं, लाळेने भिजलेली झबली, ओकाऱ्या, यातल्या कशाचीच तिला कधी किळस आली नाही. एखादं पोर स्वतःच्या तोंडातलं ओलं बिस्कीट काढून तिच्या तोंडात कोंबायचं आणि ती ते खायचीही. किळस म्हणजे काय ते तिला नंतर कळलं, आणि ते मोठ्या माणसांमुळे.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले होते. सुरुवातीलाच ताप आला, मानेत गाठी आल्या, म्हणून जवळच्या नर्सिंग होममधल्या डॉक्टरने रक्त तपासायला सांगितलं. सीएमव्ही नावाच्या विषाणूची लागण निघाली, तीही ताजी. डॉक्टर वेफर्स खात होता. बोटं खुर्चीला पुसत तो म्हणाला, मूल बहिरं, आंधळं, मतिमंद, काहीही निघू शकतं. तरुण आहात, हे काढून टाका. किडकं वांगं बाजूला करावं, तसं. बाळापर्यंत लागण पोचलीय हे कशावरून, असं रुचिताने विचारलं, तर त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

हा विषाणू लाळेतून पसरतो, एवढंच सासूबाईंच्या, कांताबाईंच्या, डोक्यात बसलं. रुचिताचं ताट-पेला वेगळा झाला. ती उठली की त्या सोफ्यावरची चादर चिमटीत धरून धुवायला टाकायच्या. नणंद शीला शीळफाट्याला राहायची. असले आजार कुठून येतात ते मला चांगलं ठाऊक आहे, असं तिने सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं.

एका संध्याकाळी नवरा, प्रीतम, रुचिताजवळ येऊन बसला. आपणही गुपचूप रक्त तपासून घेतलं, असं त्याने मान खाली घालून सांगितलं.

"तुझ्यावर संशय नाही गं. ताईच मागे लागलेली."

त्याच्या रक्तात त्याच विषाणूच्या जुन्या लागणीच्या खुणा सापडल्या होत्या. रुचिता मोरीत जाऊन भडाभडा ओकली. या गरोदरपणात तोवर तिला एकदाही उलटी झाली नव्हती.

मग तिने स्वतःच ठाण्याच्या डॉक्टर मंदाकिनींचं नाव शोधलं. वयस्कर बाई, बोलणं नेमकं. त्यांनी सांगितलं की या विषाणूची लागण आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच होऊन जाते, यात चारित्र्याचा काही संबंध नाही. तुला तेव्हा झाली नाही, ती आता पोरांच्या लाळेतून झाली. बाळाला लागण झाली का ते गर्भाच्या पाण्यात कळेल, पण त्यासाठी थोडं थांबावं लागेल.

पाचव्या महिन्यात सुईने पाणी काढलं. पाण्यात विषाणू होता. मग नाळेतून बाळाच्या रक्ताचे चार थेंब घेतले. बाळाला विषाणूचा मार बसला असेल तर रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, घटतात आणि एक प्रथिन वाढतं, ते पाहायचं होतं. दोन्ही ठीक निघाले. सोनोग्राफीत मेंदूही नीट दिसला.

"मोठं नुकसान दिसत नाही, एवढंच मी सांगू शकते," मंदाकिनी म्हणाल्या. "ऐकण्याचं मात्र कोणतीच तपासणी आज सांगणार नाही. कायद्याने अजून मुदत आहे. निर्णय तुझा."

परतताना रिक्षात प्रीतमने विचारलं, "आता आईला काय सांगू?"

"सांग, रुचिता बाळ ठेवणार आहे. तुझं काय ते तू ठरव."

मुलगी झाली. अंगाने गुटगुटीत, पण डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं.

बारशाला तेच सगळे नातेवाईक आले, पेढे खात, बाळाचे गाल ओढत. शीला पाळण्याशी वाकली आणि बाळाच्या एकेका कानाशी टाळ्या वाजवून बघू लागली. भोवतालच्या बायका डोंबाऱ्याचा खेळ बघावा तशा माना उंच करून बघत होत्या. त्या पावडर लावलेल्या चेहऱ्यांकडे, तेलकट ओठांकडे बघून रुचिताला किळस आली. तिने मुलीला उचलून घेतलं.

"नाव मी सांगणार, ताई."

"अगं, आत्याचा मान असतो तो."

"असतो. पण तुम्हाला नाही द्यायचा."

कांताबाईंनी प्रीतमकडे पाहिलं. तो पुढे येऊन बायकोच्या शेजारी उभा राहिला. रुचिताने मुलीच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हटलं, "सान्वी."

शीला जेवणाआधीच निघून गेली. पुढे रुचिता-प्रीतमने कल्याणला भाड्याने घर घेतलं. रुचिता पुन्हा पाळणाघरात जाऊ लागली. लंगोट बदलला की साबणाने हात धुवायचे, पोरांचं उष्टं खायचं नाही, हे तिने तिथल्या गरोदर मदतनीस जागृतीला पहिल्याच दिवशी समजावलं. लाळेच्या धास्तीने सुनेचं ताट वेगळं करणाऱ्या कांताबाई कधीमधी येतात, नातीचे मटामट मुके घेतात. रुचिता चहा ठेवते आणि तेवढा वेळ स्वयंपाकघरातच थांबते. ते दृश्य तिला अजूनही बघवत नाही.