तीनदा खळबळलेल्या बाटल्या

संशोधन जहाजावर नोकरी म्हटलं की लोकांना वाटतं, मी दिवसभर कठड्याला टेकून डॉल्फिन बघत असते. मी बघते याद्या. कुठल्या ठिकाणी किती खोलीवरचं पाणी घ्यायचं, कुणाच्या कामाची पाळी कधी, कोण उलट्या करून आडवं पडलंय आणि त्याच्या जागी कोण उभं राहणार. शिवाय कॉलेजांमधून आलेल्या दहा विद्यार्थ्यांना हे सगळं शिकवायचं. जहाजावर मी शिस्तीची म्हणून ओळखली जाते. तोंडाची फटकळ, हे माझ्या मागे म्हणतात.

माझं गाव आंबेगाव तालुक्यात पश्चिमेला, डोंगरात. घोडेगावला उतरून दुसरी एसटी पकडायची, तीही असेल तर. घरी भात आणि नाचणी. जहाजावर यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. कुणी विचारलं तर मी पुण्याची. जिल्हा पुणेच, तेव्हा हे काही खोटं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

तीन वर्षांपूर्वी त्या दहांमध्ये एक मुलगी आली, आमच्या गावापासून दोन डोंगर पलीकडची. मी यादीत तिचा पत्ता वाचला आणि वाटलं, आता आपलं पितळ उघडं पडणार. त्यात ती बोलायची अगदी तिकडचं, बिनधास्त. दुसरी मुलं तोंड फिरवून हसायची आणि मला वाटायचं, मलाच हसताहेत.

पहिल्या दिवशी मी त्यांना नमुना घ्यायला शिकवलं. खोल पाण्यातून वर आलेल्या मोठ्या नळकांड्यांतलं पाणी छोट्या बाटल्यांत भरायचं असतं. भरण्याआधी बाटली त्याच पाण्यानं तीनदा खळबळून घ्यायची, म्हणजे आधीचं काही आत राहत नाही. तिला हे शिकवावंच लागलं नाही. झऱ्यावर हंडा भरणाऱ्या आमच्याकडच्या कुठल्याही मुलीचा हात हे आपोआप करतो. थोडं पाणी घ्यायचं, गरकन फिरवायचं, मनगटाच्या झटक्यानं फेकायचं, मग भरायचं. तिचा हात बघून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

संध्याकाळी डेकवर ती जवळ आली. "मॅडम, तुमी आमच्याकडच्या का वो?"

"नाही. मी पुण्याची," मी म्हणाले आणि हातातल्या कागदांत डोकं घातलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तपकिरी बाटल्या काढल्या. या सूक्ष्म जिवांच्या नमुन्यांसाठी असतात. त्यांत तळाला आयोडीनचं थोडं औषध आधीच घातलेलं असतं, त्यानं नमुना टिकतो. त्यामुळे या बाटल्या खळबळायच्या नसतात, थेट भरायच्या. प्रत्येक पाळी सुरू होताना मी हे तोंडानं सांगते. त्या सकाळी दोर गुंडाळणारं यंत्र अडकलं, मी तिकडे धावले आणि तिच्या पाळीला सांगायचं राहून गेलं. तिचा जोडीदार आजारी होता. बाराही बाटल्या तिनं एकटीनं भरल्या.

आठवड्यानं जहाजावरच्या प्रयोगशाळेत झाकणं उघडली तर कुबट वास आला. सगळं सडलेलं. प्रमुख शास्त्रज्ञ माझ्याकडे बघायला लागले. मी मुलांकडे वळले. "कुणी भरल्या या?"

"मी, मॅडम. तळाला कायतरी तांबूस व्हतं. म्हटलं, आदल्याचं ऱ्हायलं आसंल. चांगल्या तीनदा खळबळल्या."

कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याच क्षणी मला लख्ख आठवलं की मी सांगितलंच नव्हतं. नुसतं 'माझं चुकलं' म्हटलं असतं तर काय झालं असतं? थोडी नाचक्की, दुसरं काही नाही. पण माझ्या तोंडून निघालं, "पाळी सुरू होताना सांगितलं होतं मी. इथे काय पाणवठ्यावर आलीस का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "चुकलं, मॅडम."

पुढच्या मोठ्या सफरीत एका विद्यार्थ्याला जागा होती आणि ती माझ्या शेऱ्यावर ठरायची. सगळ्यांत चांगला हात तिचा होता, हे मला ठाऊक होतं. मी तिच्या कागदावर लिहिलं, 'सूचना पाळत नाही.' जागा दुसऱ्याला मिळाली. दुरुस्तीचं पत्र मी त्यानंतर चार वेळा लिहायला घेतलं. दर वेळी पहिल्या ओळीतच स्वतःचं नाव घालावं लागायचं, आणि तिथेच पेन थांबायचं.

यंदा घोडेगावच्या एका शाळेनं समुद्रावर बोलायला बोलावलं. शाळेची प्रयोगशाळा दाखवायला जी शिक्षिका पुढे आली, ती हीच. जरा भरलेली, साडीतली. तिनं मुलांना माझी ओळख करून दिली. "या मॅडम समुद्रावर काम करतात. पुण्याच्या आहेत." मुलांसमोर ती शुद्ध बोलत होती. मीही पुण्याचीच बनून तासभर बोलले.

मुलं गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. मी कसंबसं म्हणाले, "त्या बाटल्यांचं... त्या दिवशी तुला सांगितलंच नव्हतं मी."

"ठावं हाय की, मॅडम."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं टेबलावरचा पेला उचलला, माठातलं थोडं पाणी घेतलं, फिरवलं, खिडकीतून बाहेर फेकलं. मग पेला भरला.

"पयल्या दिशी तुमी बाटली खळबळून मनगटाला झटका दिला, तवाच वळाकलं, या आपल्याच. आपल्या माणसाला चारचौघांत खाली बघाया लावायचं व्हय?"

पेला तिनं माझ्यापुढे धरला. मी तो घेतला. पाणी पिऊन झालं तरी मला मान वर करता आली नाही.