बोरीखालचा पीर

आमचा भाग हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला, त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सरकारच्या मनात आलं, की लोकांनी सुट्टीत झाडं आणि पाखरं बघावीत. अंबडपासून चार मैलांवर एक राखीव रान होतं, रानात एक तळं. दर रविवारी सकाळी तिथे पाहुण्यांना फिरवून माहिती सांगायची, असा हुकूम निघाला. सांगणार कोण, तर मुलींच्या शाळेतली मास्तरीण, म्हणजे मी. मी गणित शिकवत असे. पण सुट्टीत रिकामी आणि बिनलग्नाची अशी मी एकटीच सापडले.

माझ्या जोडीला रानाचा राखणदार होता. धनगर, पन्नाशीचा. मी त्याला मामा म्हणे. मला पुस्तकातली नावं ठाऊक, त्याला पाखरं ठाऊक. टिटवी जमिनीवर अंडी घालते, असं मी वाचलेलं सांगायची आणि तो मुकाट्याने चार पावलं पुढे जाऊन अंडी दाखवायचा. मामा चार वर्षं हंगामी होता. मोठे साहेब तपासणीला येऊन खूश झाले तर कायम होणार होता. त्या उन्हाळ्यात त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

पाहुणे बहुतेक कोर्टकचेरीतले, बायकामुलांसकट आणि डब्यांसकट येत. वाघ किती वाजता येतो, हे आधी विचारत. वाघ नाही म्हटलं की डबे उघडत. एका वकिलांनी तर ही चिमणीच कशावरून, अशी माझी उलटतपासणी घेतली.

झाडांना पाट्या लावायचं काम कचेरीतल्या कारकुनाकडे होतं. झाडांची जुनी यादी उर्दूत होती, ती त्याने मराठीत उतरवली आणि रंगाऱ्याकडून पाट्या करून घेतल्या. तळ्याकाठच्या मोठ्या बोरीवर पाटी आली, 'पीर'. मी निजामी अमदानीत उर्दूतूनच शिकलेली, त्यामुळे घोळ लगेच कळला. उर्दूत बोरीला बेर म्हणतात. लिहिताना बेर आणि पीर सारखेच, फरक फक्त पहिल्या अक्षराखालच्या टिंबांचा, म्हणजे नुक्त्यांचा. 'बे'खाली एक नुक्ता, 'पे'खाली तीन. यादी काढून पाहिली, तर बेरखाली एक नुक्ता शाईचा होता आणि दोन माशीने घातलेले होते.

मी कारकुनाला ते दाखवलं. तो म्हणाला, "बाई, रंग सरकारी आहे आणि वाळलाय. आता ते पीरच."

मी वर लिहिणार होते. पण मामाने मला अडवलं.

"बाई, तुम्ही बिलकुल गप बसा. माझा कागद त्याच्या टेबलावर पडून राह्यलाय. तो रुसला तर मी हंगामीच मरंन."

मी गप्प बसले. पुढच्या रविवारी बोरीखाली नारळ फुटला. त्याच्या पुढच्या रविवारी फांद्यांना दोरे आले. जाफराबादहून आलेल्या एका बाईने हे कुठले पीर, असं मामाला विचारलं. मामा म्हणाला, सरकारी. बाईचं समाधान झालं. पाखरांसाठी माझ्यामागे दहा माणसं असत, पिरापुढे तीस.

मेच्या अखेरीला मोठे साहेब आले. पुण्याकडून नवेच बदलून आलेले, रीतभात सांभाळणारे. बोरीजवळ दोरे आणि नारळाच्या शेंड्या पाहून त्यांनी बूट काढले, मोजेही काढले. मग कारकुनालाही चपला काढाव्या लागल्या. मी थांबा म्हणेपर्यंत साहेब तीन पावलं गेले आणि खाली बसले.

मामाने कमरेचा चिमटा काढला आणि साहेबांचा पाय मांडीवर घेतला. धनगराला काटा काढायला शिकवावं लागत नाही. साहेबांनी दात आवळून विचारलं, हा कसला काटा?

मामाने कारकुनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या काट्याकडे पाहिलं. एवढ्या जवळून बघितलेली वस्तू खोटी सांगणं त्याला जमलं नसावं.

"बोरीचा, साहेब. पिराचा काटा मी अजून पाह्यला न्हाई."

मग त्याला थांबवता येईना. बोरीला काट्यांची जोडी असते, एक सरळ, एक वाकडा. सरळ घुसतो, वाकडा धरून ठेवतो. बाभळीचा लांब पण सालस, वढला की येतो. साहेब पाय धरून ऐकत होते. पाटीचं विचारलं तेव्हा मी नुक्त्यांचा हिशेब सांगितला. साहेब इतके हसले, की दुसरा काटा काढताना मामाला पाय दाबून धरावा लागला.

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"माझा कागद यांच्याकडं हाय. मंग कसं बोलू?"

साहेबांनी कागद तिथेच मागवला. एका पायात बूट, एक पाय उघडा, अशा अवस्थेत गुडघ्यावर ठेवून त्यावर सही केली. पाटी त्याच आठवड्यात बदलली. दोरे मात्र येतच राहिले.

कायम झाल्यावर मामाला खाकी डगला आणि रानात जनावर दिसलं की कोंडवाड्यात घालायचा अधिकार मिळाला. पहिल्याच दिवशी त्याला अकरा शेळ्या दिसल्या. त्या त्याच्या सख्ख्या भावाच्या होत्या, आणि चार वर्षं त्याच्याच देखत तिथे चरत होत्या. त्याने त्या हाकत अंबडला नेल्या. भावजय पोळ्यापर्यंत त्याच्याशी बोलली नाही. मी म्हटलं, मामा, एक दिवस तरी थांबायचं.

तो म्हणाला, "हंगामी होतो तवा थांबलो की, बाई."