बांध फोडला त्या वर्षी

माझे वडील संस्थानच्या दरबारी पाटबंधारे खात्यात होते. लष्कर या आमच्या शहराबाहेरचा एक तलाव त्यांच्या ताब्यात होता. आम्ही शहरातल्या कंपू नावाच्या वस्तीत राहायचो. सुट्टीच्या दिवशी ते मला टांग्यानं तलावावर नेत. तिथं उथळ पाण्यात सारसांची जोडी असायची. त्या वर्षी जोडीनं उशिरा घरटं केलं होतं.

दसऱ्यानंतर हुकूम आला : बांध फोडा, तळात गहू पेरायचा आहे.

"अहो, मग आपल्या विहिरीत झिरपणारं पाणी कुठून येणार?" आईनं विचारलं.

"हुकूम आहे," एवढंच वडील म्हणाले.

बांध फुटला तेव्हा मी तिथंच होते. पाणी घोंघावत गेलं आणि दुपारपर्यंत सगळं सामसूम झालं. चिखलात मासे तडफडत होते, वर घारी फिरत होत्या. घरट्याभोवती पाण्याचा थेंब उरला नव्हता. संध्याकाळी त्या चिखलावरून कुत्री आली. सारस पंख पसरून उभे राहिले. वडील ओरडत ढेकळं मारत होते, पण चिखलात त्यांचेच पाय रुतले. कुत्र्यांनी अंडी फोडली. त्या जोडीचं ओरडणं परत येताना टांग्यातही ऐकू येत होतं.

चैत्रात आमच्या विहिरीत बादली दगडावर आपटू लागली. वर येई ते गढूळ, वास मारणारं पाणी. आई आम्हाला परातीत बसवून आंघोळ घाली, ते पाणी भांड्यांना, भांड्यांचं झाडांना. तांदूळ धुतलेलं पाणी गाय पिई. शेजारची विहीर तर पार आटली. गल्लीतली माणसं वडिलांशी बोलेनाशी झाली.

एक दिवस वडील तांब्याभर विहिरीचं पाणी घेऊन खात्याच्या साहेबांच्या बंगल्यावर गेले. "माझी मुलं हे पितात," म्हणाले. साहेबांनी तांब्या नाकाशी नेला आणि बाजूला ठेवला. पावसाळ्याआधी बांध पुन्हा बांधला गेला.

दिवाळीपर्यंत विहीर भरली. तलावावर बदकं उतरली, सारस आले नाहीत. वडील खुशीत बादल्यांवर बादल्या अंगावर ओतू लागले, तशी आईनं त्यांच्या हातातून दोर काढून घेतला.

"पुरे. हुकूम परत येईल."

पुढं साहेब बदलले आणि बांध फोडायचा हुकूम पुन्हा आला. या वेळी वडिलांनी सरळ नाही म्हटलं. महिन्याभरात त्यांची दूरच्या परगण्यात बदली झाली. आम्ही सामान बांधत होतो, तेव्हाच बांधावर कुदळी पडत असल्याची बातमी आली. आईनं घरातलं प्रत्येक भांडं भरून शेजारणीकडे पोचवलं आणि मगच ती गाडीत चढली.