अकलोलीच्या शेतातला मोजणीचा तास

अख्ख्या भिवंडीने तो पाहिला, मी सोडून. नोव्हेंबरातली संध्याकाळ, साडेसातचा सुमार. हिरवट गोळा, मागे लांब शेपूट, आणि दोन-तीन सेकंद रस्त्यावर माणसांच्या सावल्या पडाव्यात एवढा उजेड. शिफ्टमधून चहाला बाहेर आलेल्या लूमवाल्यांनी पाहिला, काल्हेरच्या गोदामांपुढे ताटकळणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांनी पाहिला, आमच्या शाळेच्या शिपायानेही पाहिला. मी त्या वेळी ट्यूबलाइटखाली बसून दहावीच्या प्रयोगवह्या तपासत होतो. तेरा वर्षं आकाशाकडे डोळे लावून बसलेला माणूस, आणि नेमक्या त्या क्षणी मी काय वाचत होतो, तर आम्ल आणि आम्लारीतला फरक. कर्म माझं!

मी शाळेत विज्ञान शिकवतो, घर शेलारला. दर महिन्याला, जमेल त्या अंधाऱ्या रात्री, तासभर उताणं पडून उल्का मोजायच्या हा माझा नाद. आधी घराच्या गच्चीवरून मोजायचो. मग चारी बाजूंनी गोदामांचे दिवे आले आणि गच्चीवर पेपर वाचता येऊ लागला. तेव्हापासून मी बायकोच्या माहेरी, अकलोलीला, मेव्हण्याच्या शेतात जातो. बाकीचे महिने चुकले तरी डिसेंबर कधी चुकवला नाही. डिसेंबरच्या मध्यात मिथुन राशीच्या दिशेकडून उल्कांचा वर्षाव होतो, आणि त्या एका रात्रीची माझी नोंद तेरा वर्षं सलग होती. तापात केली, सासरे गेले त्या वर्षीही केली. यंदाचं चौदावं वर्ष.

नोंद करायची पद्धत ठरलेली. अर्धा तास अंधाराला डोळे सरावू द्यायचे. आकाशातल्या एका ठरावीक त्रिकोणात किती तारे दिसतात ते मोजायचं, म्हणजे आकाश किती काळं आहे ते कळतं. मग मी ओरडणार, "तीन, मिथुन!" म्हणजे तेजाने तिसऱ्या प्रतीची (आकडा जितका लहान तितकी तेजस्वी), मिथुनेकडून आलेली. "चार, भटकी!" म्हणजे भलतीकडून आलेली. बायको शेजारी बसून, टॉर्चला पतंगाचा लाल कागद बांधून, वेळेसकट वहीत लिहिणार. नऊ वर्षं ती लिहिते आहे. मी "वा!" म्हटलं की ती मान वर करते, तोवर आकाश रिकामं झालेलं असतं.

तर त्या हिरव्या गोळ्यानंतर माझा फोन थांबेना. "सर, पाहिलात ना?" नाही पाहिला, बाबांनो, नाही पाहिला! बरं, मीही हट्टी. म्हटलं, ज्यांनी पाहिला त्यांच्याकडून दिशा तरी घेऊ. दोन-चार ठिकाणांहून दिशा आणि उंची नीट मिळाली तर तो कुठून कुठे गेला हे काढता येतं, तेव्हाच त्या दिसण्याला काही अर्थ. कंपासपेटीतला कोनमापक आणि दोरा घेऊन मी चार दिवस हिंडलो. लोकांना ते उभे होते तिथेच पुन्हा उभं करायचं, हात वर करायला लावायचा, कोन मोजायचा. एक लूमवाला म्हणाला, "सर, यहीं गिरा, हमारे कारखाने के पीछे." काल्हेरचा वॉचमन म्हणाला, खाडीत पडला. शिपायाच्या मते तो शाळेच्या मैदानापलीकडे पडला, आणि धप्प असा आवाजही त्याने ऐकला. प्रत्येकाला आपल्याच घरामागे हवा होता. कोन विचारला की हात गोल फिरवून म्हणायचे, "असा आला, असा गेला." माझं डोकं फिरायची वेळ आली.

त्यातच एका स्थानिक चॅनेलच्या बाई कॅमेरा घेऊन शाळेत आल्या. पहिला प्रश्न, "सर, तुम्ही तो प्रत्यक्ष पाहिलात?"

"नाही."

"मग तेरा वर्षं तुम्ही बघता तरी काय?"

अस्सा संताप आला म्हणून सांगू! पण कॅमेरा चालू होता. मी जीव तोडून समजावलं. म्हटलं, बाई, असा गोळा दिसणं हे नशीब. त्याने टाळ्या पडतात. पण धुळीच्या ज्या पट्ट्यातून पृथ्वी दरवर्षी जाते तो यंदा दाट होता की विरळ, हे एका गोळ्यावरून नाही कळत. त्यासाठी जगभरातले आमच्यासारखे हौशी लोक दरवर्षी, त्याच पद्धतीने, मिणमिणत्यासुद्धा सगळ्या उल्का मोजतात आणि आकडे एकत्र करतात. एकेकट्याच्या आकड्याला किंमत थोडी. खंड न पाडता मोजत राहिलं तरच त्याला काही किंमत.

बाईंनी मान डोलावली आणि विचारलं, "डिसेंबरमध्ये किती दिसतात?"

आणि इथे मी माती खाल्ली. म्हणालो, "तासाला शंभरच्या वर." तो आकडा खोटा नाही. पण तो काळ्याकुट्ट आकाशाचा, आणि उल्का जिथून येतात ती जागा बरोब्बर डोक्यावर असेल तेव्हाचा. आम्ही मोजणारे आपसात तोच बोलतो आणि मनातल्या मनात वजाबाकी करतो. अकलोलीला मी कधी चाळिशी ओलांडली नव्हती. पुढे त्यांनी विचारलं, "कुठून बघता?" तर मी, शहाणा, छाती फुगवून जागाही सांगितली आणि रात्रही सांगितली. इतक्या वर्षांत मला कोणी विचारलंच नव्हतं हो! त्या बातमीत धुळीचा पट्टा कापला गेला. राहिलं ते एवढंच: तासाला शंभर उल्का, अकलोलीत, अमुक रात्री.

मेव्हण्याला आनंदाचं भरतं आलं. "भावजी, आपला शेत टीवीवर हाय!" मी म्हटलं, अरे, माणसं येतील, दिवे लागतील, माझी नोंद जाईल. तो म्हणाला, "लायटी एक न्हाय लावाची. पन लोका येतील त्यांना बसवाला पायजे ना?" त्याने लग्नातल्या सतरंज्या अंथरल्या, भजी तळायला माणूस बसवला. त्याचं काही चुकलं नाही. पाहुण्याला उभं ठेवणं त्या घरात कोणाला जमतच नाही.

त्या रात्री नऊलाच बांधावर मोटारींची रांग लागली. ठाण्याहून, भिवंडीहून, वज्रेश्वरीहून. गरम पाण्याच्या कुंडात आंघोळी उरकून ओल्या टॉवेलांसकट आलेली कुटुंबं. प्रत्येक मोटार वळली की हेडलाइट थेट डोळ्यांत. एखादी उल्का गेली की "ओऽऽ!" आणि लगेच पन्नास मोबाइल वर, पन्नास टॉर्च चालू. एक गृहस्थ मला म्हणाले, "सर, वीस मिनिटांत सहाच झाल्या. शंभर कधी चालू होणार?"

मी दहाला मोजणी सुरू करणार होतो. त्याऐवजी मी शेतभर धावत होतो. "लाइट बंद करा! ए, तो मोबाइल खिशात घाल! ताई, लेकराला सांगा ना!" माझा घसा बसला. भजीवाल्याच्या शेगडीला मी पत्रा आडवा लावला तर हात पोळला. एक आजोबा शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुम्हीच जरा गप्प बसा, आम्हाला बघू द्या." मला रडू यायचं बाकी होतं. सव्वाअकरा वाजता लोक कंटाळून उठले, तेव्हा मागे धुकं उतरलं होतं आणि आकाश दुधासारखं झालं होतं. चौदावं वर्ष संपलं.

बायको दिसेना. हाका मारल्या तर ती नाल्यापलीकडच्या खालच्या खाचरातून घोंगडी झटकत वर आली. तिथे बांधाचा आडोसा मिळतो, दिवे पोचत नाहीत. कोणाशी काही न बोलता ती तिथे जाऊन उताणी पडली होती. लिहायला कोणी नव्हतं म्हणून फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. म्हणाली, "उद्या ऐका. आत्ता तुमचा अवतार बघवत नाही."

दुसऱ्या दिवशी ऐकलं. "दहा वाजून पाच. त्रिकोणात बारा तारे." मग तिचा आवाज, सावकाश, चुकत नाही. "तीन, मिथुन. चार, मिथुन. दोन, भटकी." मधेच, "अगं बाई!" आणि थोडं थांबून, "उणे दोन, मिथुन." उणे म्हणजे अतितेजस्वी. लांबून, सबंध तासभर, माझा घोगरा आवाज ऐकू येत होता: लाइट बंद करा, लाइट बंद करा. अकरा वाजून पाचला तिने थांबवलं. मोजून बघितलं, सत्तेचाळीस. माझ्या कुठल्याही डिसेंबरपेक्षा जास्त.

खरं सांगतो, पहिल्यांदा आनंद झाला, तो माझ्यासाठी. म्हटलं, वाचलो! शेत तेच, रात्र तीच, पद्धत तीच. मी संगणकावर आमचा नेहमीचा फॉर्म उघडला. निरीक्षकाच्या जागी माझं नाव आपोआप येतं. ते तसंच ठेवून मी आकडे भरू लागलो. आमच्यात एक नियम आहे, तो मीच शाळेतल्या पोरांना घोकून घेतो: एकाच्या डोळ्यांची मोजणी दुसऱ्याच्या नावावर जात नाही. प्रत्येकाची नजर वेगळी, म्हणून प्रत्येकाची नोंद वेगळी. तो नियम मला त्या क्षणी चांगला आठवत होता.

बायको मेथी निवडत होती. मागे येऊन उभी राहिली. "मोजलं कोणी?"

"अगं, तेरा वर्षांची साखळी आहे. यंदा तुटली तर सगळं पाण्यात. कोणाला कळणार आहे?"

"नऊ वर्षं मी मान खाली घालून लिहिलंय," ती म्हणाली. "तुम्ही चार म्हणालात तर चार लिहिलं, कधी पाच केलं नाही. आणि काल पहिल्यांदा मी वर बघितलंय हो. तेही तुम्ही घेणार?"

मला तिचा रागच आला होता, आणि तो चुकीचा आहे हेही कळत होतं. मी माझं नाव खोडलं आणि तिचं टाइप केलं. फॉर्मने विचारलं, या निरीक्षकाची आधीची काही नोंद? तिने सांगितलं, "नाही म्हणा." मी नाही लिहिलं.

सगळं भरून झाल्यावर तीच म्हणाली, जरा मवाळ होऊन, "तुमच्या नावावर निदान शून्य तरी टाका. साखळी राहील."

"शून्य नाही टाकता येत," मी म्हटलं. "तासभर वर बघितलं आणि काही दिसलं नाही, तर शून्य. मी त्या तासात एकदाही वर बघितलं नव्हतं."